मटण सोडायचं, दूध सोडायचं, की आधी खरकट्याची बादली तोलायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरीत पाच माणसांचं घर. आठवड्यातून दोनदा किलो-किलो मटण, रोज दोन लिटर दूध. नववीतली मुलगी शाळेतून ऐकून आली की आपल्या खाण्यानं हवामान बिघडतं, तेव्हा तिचं म्हणणं, मटण आणि दूध दोन्ही बंद करा. सासरे म्हणतात, बुधवार-रविवारचं मटण बंद करायचं तर कोल्हापुरात राहायचं कशाला? मधल्या मध्ये तुम्ही बारा किलोमीटरवर गाडीवरून जाऊन विषमुक्त भाजी आणायला लागलात, बदामाच्या दुधाच्या आणि किनवा या परदेशी धान्याच्या किमती बघून आलात, आणि आता विचारताय की यातलं कशानं खरोखर फरक पडतो.

मी शाहूपुरीत सव्वीस वर्षं मुलांची खानावळ चालवली. गेली काही वर्षं वसतिगृहांच्या आणि मंगल कार्यालयांच्या स्वयंपाकघरांचं नियोजन करून देते, म्हणजे किती माणसांना किती शिधा काढायचा, किती शिजवायचं आणि किती वाया जातंय ते बघायचं. तेव्हा माझं उत्तर तराजूवाल्या बाईचं उत्तर आहे, ते तसंच घ्या.

तुम्ही विचारताय 'काय सोडू?'. त्याआधी 'आमच्या ताटातला हवामानावरचा भार नेमका कशात आहे?' हे बघायला हवं. हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. घरची म्हैस असलेलं करवीर तालुक्यातलं घर, फक्त सणाला मटण खाणारं घर आणि तुमचं घर यांना एकच औषध चालत नाही. स्वयंपाक कोण करतं, डबे किती जातात, गावाकडून धान्य येतं का, यावरही बरंच अवलंबून आहे. म्हणून मी तुमचाच हिशेब मांडते. काही आकडे अंदाजाने धरलेत, ते तुमच्या वाण्याच्या यादीवरून दुरुस्त करून घ्या.

२०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यात एकत्र केली होती. मिथेनसकट हवा तापवणारे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून किलोमागे सरासरी काढली, तर मेंढीचं मटण ४० किलोच्या आसपास, कोंबडी १०, अंडी पावणेपाच, तांदूळ साडेचार, दूध सव्वातीन, गहू दीड-पावणेदोन आणि वाटाण्यासारखं कडधान्य जेमतेम १ येतं. आता हे घरच्या मापानं बघा. आपल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पूर्ण सिलिंडर संपवला की ४२ किलो. एक किलो मटण म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर.

तुमच्या घराची महिन्याची बेरीज अशी दिसते: मटण आठ किलो, म्हणजे ३२०. दूध साठ लिटर, म्हणजे १९०. तांदूळ पंधरा किलो धरला तर ६५-७०. गहू आणि जोंधळा मिळून तेवढाच धरला तर २५ च्या आत. डाळी-कडधान्यं पाच किलो असतील तर दहाच्या आत. आणि महिन्याला एक सिलिंडर, ४२. तुमची मुलगी चुकीचं सांगत नाही. भार मटणात आणि दुधातच आहे. फक्त 'बंद करा' हा तिचा उपाय मला पटत नाही.

हे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत, हेही सांगायला हवं. आपल्याकडचं बकरं किंवा धनगराची मेंढरं ही माळावरच्या गवतावर आणि पीक निघालेल्या रानातल्या धसकटांवर जगतात. त्यांच्या चाऱ्यासाठी कुणी जंगल तोडलेलं नसतं. उलट शेतकरी मुद्दाम रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत मिळावं म्हणून. तरीही रवंथ करणारं जनावर पोटातून मिथेन सोडतंच, आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. तेव्हा आपल्या मटणाचा आकडा ४० पेक्षा वेगळा असेल, पण मसुराच्या पंगतीला काही तो येऊन बसणार नाही.

मटणाबाबत मात्र कोल्हापूरची पद्धत तुमच्या बाजूची आहे. आपल्या ताटाची गोडी फोडींत कमी आणि रश्शात जास्त. मीठ, हळद, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की जे आळणी पाणी निघतं, त्याच्यातच तांबडा होतो आणि त्याच्यातच पांढरा होतो. खानावळीत मी पूर्वी ताटामागे १५० ग्रॅम कच्चं मटण धरायची. भाव वाढत गेले तसं १२० केलं, मग ९० वर आले. मेंबर एका शब्दानं बोलले नाहीत, कारण रस्सा तोच होता. त्यामागचं कारण साधं आहे. आळणीला चव येते ती हाडातून आणि थोड्या चरबीतून. नुसतं बोनलेस घेतलं तर किलोभर शिजवूनही पाणी पाणचट लागतं. खाटकाला सांगून नळ्या, थोडी मान, थोडी छाती अशी घेतली, मंद आचेवर वेळ देऊन शिजवली, तर ६०० ग्रॅममध्ये पाच माणसांचे दोन्ही रस्से होतात. सुक्याचा वाटा कमी पडेल. तिथं त्याच मसाल्यात उकडलेली अंडी उभी चिरून सोडा. वजडी, मुंडी, पाया, रक्ती हे आपल्याकडे पूर्वीपासून आवडीनं खातात, ते घरात चालत असेल तर अवश्य आणा. जनावर कापलंच आहे तर त्यातलं काही फेकलं जाऊ नये.

सासऱ्यांशी तोडगा असा काढा: रविवार तसाच राहू दे, ६०० ग्रॅमवर. बुधवारी अंडी किंवा आख्खा मसूर. आख्खा मसूर म्हणजे आजाऱ्याचं जेवण करू नका. कांदा-लसूण चटणी सढळ हातानं, सुकं खोबरं भाजून वाटलेलं, वर तर्री, सोबत गरम भाकरी आणि कच्चा कांदा. एवढं केलंत तर महिन्याचं मटण आठ किलोवरून अडीच किलोच्या आत येतं. म्हणजे महिन्याला दोनशे किलोंच्या वर वाचले, पाच सिलिंडर जाळले नाहीत असं समजा. त्यातून अंड्यांचे-मसुराचे थोडे वजा करा, तरी तुमच्या घरात एवढा मोठा फरक पाडणारं दुसरं काही नाही. आणि त्यासाठी कुणाला कोल्हापूर सोडावं लागत नाही.

एक सावधगिरी. मटण कमी केल्यावर बऱ्याच घरांत पनीर वाढतं. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, म्हणजे किलोमागे पंधराच्या वर गेलं. या हिशेबात पनीर कोंबडीच्या वर बसतं. सणाला करा, आठवड्याला दोनदा नको.

दूध तोडू नका असं मी का म्हणते? गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध पिण्याची चैन म्हणून नव्हे. आपल्या जिल्ह्यात म्हशी जे खातात त्यात उसाचं वाडं, कडबा, पेंड हे मोठं. माणसाच्या खाण्यातलं ते नाहीच. शेण परत शेतात जातं. आणि दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल हे कित्येक घरांत बाईच्या हातात येणारं एकमेव पैशाचं बिल असतं. याचा अर्थ दूध फुकट पडतं असा नाही, मिथेन तिथेही आहेच. पण रोजच्या दोन लिटरमधलं पोटात किती जातं ते आधी बघा. मी ज्या घरांत बघितलं तिथं चहा दिवसातून पाच-सहा वेळा, साय साठवून तूप करायचं म्हणत ती आंबून टाकलेली, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी दूध नासलेलं. दीड लिटरवर आलात आणि विरजण वेळेवर लावलंत तरी कुणाच्या वाटीतलं दही कमी होणार नाही. बदामाचं दूध कार्बनच्या हिशेबात हलकं खरं, पण त्यात बहुतेक पाणीच असतं, प्रथिनं नाममात्र, आणि आपल्याकडचे बरेचसे बदाम कॅलिफोर्नियातल्या पाणी देऊन वाढवलेल्या बागांतून येतात. वाढत्या मुलीच्या ग्लासात ते म्हशीच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही.

आता बादलीकडे येते. माझ्या कामातलं मला सगळ्यात जास्त माहीत असलेलं हेच आहे.

खानावळीत रात्री दोन बादल्या खरकटं निघायचं. माझी समजूत, मुलं भाजी टाकतात, दोडका बघितला की तोंड वाकडं करतात. म्हणून मी भाज्या बदलत राहिले. पुढे एकदा तराजू आणला आणि पंधरा दिवस रोज रात्री ती बादली उपसून वेगवेगळी तोलली. हात घालून करायचं काम आहे, पण त्याशिवाय कळत नाही. निम्म्याहून जास्त भात होता. भाजी अगदी थोडी. वाढपी पहिल्याच वाढपात डावभर भात टाकायचा, 'नको' म्हणेपर्यंत. मुलगा भाकरी-चपाती खाऊन आधीच भरलेला असायचा, मग आमटीत कालवलेला तो भात तसाच ताटात राहायचा. कालवलेला भात कुणाला देता येत नाही, ठेवताही येत नाही.

आधी मी चुकीचा उपाय केला. ताटात टाकलं तर पाच रुपये दंड, अशी पाटी लावली. मुलं भात ताटाखाली, वाटीखाली दडवायला लागली, दोन जुने मेंबर सोडून गेले, आणि बादलीचं वजन तसंच राहिलं. पाटी काढली. भाताचा डाव बदलून निम्म्या मापाचा आणला. वाढप्याला सांगितलं, भात शेवटी न्यायचा, एकदा अर्धा डाव वाढायचा आणि परत विचारायला जायचं, हवा असेल तर तीनदा जायचं. महिनाभरात दोनाची एक बादली झाली. कुणाचं पोट उपाशी राहिलं नाही. तांदळाचं पोतं मात्र जास्त दिवस पुरायला लागलं.

भाताचं मी एवढं लावून धरते, कारण भात दोन्ही टोकांना भार टाकतो. खाचरात पाणी साचून राहिलं की चिखलात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. राधानगरी, गगनबावडा, आजरा या भातपट्ट्यात पावसाच्या पाण्यावरची शेती बरीच आहे, तेव्हा आपला आकडा सरासरीहून वेगळा असू शकेल, पण तत्त्व तेच. मग शिजलेला भात कचऱ्याच्या ढिगात जाऊन दबला की तिथेही हवा नसते, पुन्हा मिथेन. आजऱ्याच्या घनसाळचा वास आठवा. तो तांदूळ पिकवायला चार-पाच महिने लागतात आणि आपण रात्री साडेनऊला मोरीच्या बाजूच्या डब्यात लोटतो. मला हे खरोखर सहन होत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ साली जो अहवाल काढला, त्यात २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. हॉटेलांतून नव्हे, लग्नांतून नव्हे, घरांतून. भारतातल्या घरांसाठी तो अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. पाच माणसांना लावला तर रोज पाऊण किलो. यात साली-देठंही आहेत, म्हणून घाबरू नका, पण स्वतःचा आकडा काढा. एक आठवडा दोन डबे ठेवा: एकात साली, देठं, चहाचा चोथा, दुसऱ्यात जे खाता आलं असतं ते. दुसरा डबाच तोलायचा. घरात साधारण काय निघतं ते सांगते: रात्रीचा भात, डब्यातून परत आलेली चपाती, फ्रिजच्या तळाला काळी पडलेली कोथिंबिरीची जुडी आणि पाहुणे येतील म्हणून जास्त केलेली आमटी.

भाताला माप लावा. एक वाटी तांदळाचा शिजून जवळजवळ तीन वाट्या भात होतो, हे माहीत असूनही आपण 'असू दे आणखी मूठभर' म्हणतो. ती मूठ घालू नका. कमी पडला तर चपाती आहेच. उरला तर दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये, आणि सकाळी फोडणीचा भात. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र नको. त्यात जिवाणू वाढून जे विष तयार होतं ते परत गरम करूनही जात नाही. चपातीचा कुस्करा, शिळ्या भाकरीचा ताकातला काला हे तुम्हाला मी शिकवायला नको.

भाजीचं आता. तुमचा हेतू चांगला आहे, पण गाडीचा हिशेब बघा. बारा जाताना, बारा येताना, चोवीस किलोमीटर. गाडी पन्नासचं ॲव्हरेज देत असेल तर अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे एक किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. तीन किलो भाजी आणली तर किलोमागे साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे. नाशिकचा कांदा भरलेल्या ट्रकमधून साडेचारशे किलोमीटर येतो, त्याच्या एका किलोच्या वाट्याला साधारण ९० ग्रॅम येतात. मसूर कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून बोटीनं येतो, वीस हजार किलोमीटर धरले तरी २०० ग्रॅमच्या आसपास. बोट आणि ट्रक एकदम टनावारी माल आणतात, तुमच्या गाडीला एक पिशवी असते. त्या २०१८ च्या अभ्यासातही अन्नाच्या एकूण भारात वाहतूक साधारण ६ टक्केच निघाली. विमानानं येणारी परदेशी फळं तेवढी टाळा, तो प्रकार फार महाग पडतो.

विषमुक्त भाजी सोडा असं मी म्हणत नाही. माती, विहिरीचं पाणी आणि फवारणी करणारा माणूस यांच्यासाठी ती चांगलीच आहे. फक्त गल्लीतल्या चार घरांनी मिळून आठवड्यातून एकदा एकानं जावं. नाहीतर कपिलतीर्थ मार्केटला खेड्यातून भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडून पोकळा, शेपू, चाकवत, पावटा असं हंगामाचं घ्या. पावसाळ्यात टाकळा-कुरडू येतो, त्याला कुणी खतही घातलेलं नसतं.

किनवा नको. तुमच्या दारात जोंधळा आहे. रब्बीचा जोंधळा जमिनीतल्या ओलीवर येतो, त्याचा कडबा जनावर खातं आणि दाणा आपण. गगनबावडा-चंदगडकडची नाचणी आहे, हुलग्याचं माडगं आहे. निम्म्या रात्री भाताऐवजी भाकरी केलीत तरी पुष्कळ. तेलात शेंगतेल बरं. बेकरीच्या मालात आणि स्वस्त फरसाणात जे पामतेल असतं, त्याच्या लागवडीसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगल गेलेलं आहे, म्हणून ते जरा कमी करा. गूळ की साखर यावर भांडू नका. जे वापराल ते कमी वापरा.

मुलीबद्दल एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. नववीतल्या मुलीनं तत्त्व म्हणून मटण, अंडी, दूध सगळं एकदम सोडलं तर ती त्याच वाटेनं जाईल. बी-१२ हे जीवनसत्त्व मटण, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं, डाळीतून नाही. तिला रोज एक अंडं किंवा दही असू दे. मसूर-हुलग्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नाही. हे सोडून तिला आणखी काही कमी करावंसं वाटलं, तर आधी रक्त तपासून घ्या.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त तोलायचं. दुसऱ्या आठवड्यापासून भाताचं माप आणि बुधवारचा आख्खा मसूर. महिन्यानंतर रविवारचं मटण ६०० ग्रॅमवर आणि दूध दीड लिटरवर. सगळं एकाच सोमवारी सुरू केलंत तर पुढच्या सोमवारी बंद पडेल, हे मी डझनभर स्वयंपाकघरांत बघितलंय.

वही मुलीच्या हातात द्या. घरात सगळ्यांना हिशेब सांगत फिरण्यापेक्षा रात्री जेवणं झाल्यावर तो दुसरा डबा काट्यावर ठेवून आकडा लिहायचं काम तिचं. भाताची ओळ वेगळी लिहायला सांगा. आठवडा झाला की तो भाताचा आकडा मला कळवा, आणि तुम्ही रात्रीला किती वाट्या तांदूळ घालता तेही. त्यावरून तुमच्या घराचं नेमकं माप काढून देते.